परक्या पंक्तीचा यजमान

मराठी माणूस परदेशी गेला आणि तिथे झुरला, असे सांगणारे वाङ्मय आपल्याकडे भरपूर आहे. सावरकरांनी १९०९ साली इंग्लंडमधील ब्रायटनच्या किनाऱ्यावर सागराला उद्देशून जी कविता केली, तिने तर परदेशवासाच्या भावनेला मराठीत एक कायमचा सूर लावून दिला. त्यानंतर बोटीने गेलेला, विमानाने गेलेला, शिष्यवृत्तीवर गेलेला आणि अलीकडे संगणकाच्या कामासाठी गेलेला, जो कोणी लिहावयास बसला तो त्या सुरात आपला सूर मिसळूनच बसला. आईच्या हातची भाकरी, अंगणातली तुळस, पावसाच्या पहिल्या सरीचा वास हे सारे त्याला तिकडे आठवते आणि इकडे वाचणाऱ्याचे डोळे भरून येतात. हे खोटे आहे असे कोण म्हणेल? परंतु मला बरेच दिवस एक शंका छळते आहे. परक्या देशात एखादा मराठी माणूस मनापासून रमला, तिथल्या लोकांनी त्याला आपला म्हटले आणि त्यानेही त्यांना आपले म्हटले, तर ती हकीकत सांगण्याची आपल्या लेखणीला सवय आहे काय? की परमुलखातल्या सुखाची कबुली देणे म्हणजे मायभूमीशी थोडीशी बेइमानी करणे, अशी काही समजूत आपल्या मनात खोल दडून बसली आहे?

ही शंका ज्यांच्यामुळे मनात आली त्यांचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे, आणि तो देश मेक्सिको.

दिवाळीच्या अंकात मेक्सिको कशाला, असे घरातली वडीलधारी मंडळी विचारतील. त्यांनी आधी दाराच्या तोरणाकडे पाहावे. लातूरच्या गंजगोलाईत दसऱ्या-दिवाळीला ज्याचे ढिगारे पडतात तो झेंडू मूळचा तिकडचा. ज्या मिरचीवाचून आपला ठेचा होत नाही ती तिकडची. मका तिकडचा. नांदेडकडच्या काळ्या रानात आज जो लांब धाग्याचा कापूस फुटतो, त्या जातीचे मूळ शोधत गेले तर तेही त्याच मुलखात सापडते. ह्यांतले कोणी चारशे वर्षांपूर्वी आले, कोणी फार नंतर. पण सगळे असे घरचे झाले की देव्हाऱ्यातल्या देवालाही ते परके वाटत नाहीत. (गाजरगवतही त्याच बाजूचे. १९५५च्या सुमारास ते पुण्यात पहिल्याने नजरेस आले आणि आता बांधाबांधावर माजले आहे. प्रत्येक पाहुणा झेंडूच निघतो असे नाही, हेही ह्या निमित्ताने सांगून टाकावे.)

पिकांचे राहू द्या. तिथल्या माणसांच्या रीतीभाती वाचताना मराठवाड्यातला माणूस मधूनच थबकतो. मेक्सिकोत कोणी आपला पत्ता सांगताना ‘माझे घर’ म्हणत नाही, ‘तुमचे घर’ अमक्या गल्लीत आहे असे सांगतो. खाणावळीत अनोळखी माणूस जेवताना दिसला तर जाता जाता ‘अंगी लागो’ अशा अर्थाचा एक शब्द टाकल्याशिवाय पुढे जात नाही. जेवण झाल्यावर ताटे उचलली तरी माणसे उठत नाहीत. तास-दोन तास गप्पा चालतात आणि ह्या बसण्याला त्यांच्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे. मुलाच्या बारशाला कुटुंबाबाहेरच्या एखाद्याला धर्मपिता करून घेतात, आणि तेव्हापासून मुलाचा बाप व तो माणूस एकमेकांना ‘कॉम्पाद्रे’ म्हणतात. रक्ताचे नाते नसताना व्याह्यासारखे नाते जडते. आपल्याकडे एस.टी.त शेजारी बसलेली बाई घटकाभरात मावशी होते, त्याचीच ही थोडी विधिपूर्वक केलेली आवृत्ती म्हणावी. स्वयंपाकघरात जावे तर दगडी पाटा आहे, तवा आहे, आणि दोन्ही तळहातांमध्ये थापून केलेली मक्याची पातळ भाकरी आहे. फरक एवढाच की मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून घेतात, आणि त्यामुळे त्याचे पोषण अंगी लागते, हे त्या बायकांना रसायनशास्त्राच्या जन्माआधी कित्येक शतके ठाऊक होते. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी ते लोक आपल्या मृतांना घरी जेवायला बोलावतात. झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, दिवे लावतात, गेलेल्यांच्या आवडीचे पदार्थ मांडतात. आपली दिवाळी कधी कधी नेमकी त्याच दिवसांत येते.

अशा देशात परका माणूस सहज सुखावेल, ह्यात नवल ते काय? मीना प्रभु यांनी ‘मेक्सिकोपर्व’ लिहून हा देश मराठी घरांत आणला, ही मोठीच कामगिरी आहे, आणि त्यांच्यासारखी डोळस प्रवासिनी मराठीला लाभली हे आपले भाग्य. पण प्रवासवर्णनाची म्हणून एक मर्यादा असते. प्रवासी परत जाणार हे पहिल्या पानापासून ठरलेले असते. त्याला यजमानाची ओसरी दिसते, फार तर माजघर दिसते. चुलीपाशी रोज जे घडते ते दिसत नाही. आपल्यात म्हण आहे: पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल जाई. प्रवासवर्णन हे पहिल्या दिवसाचे वाङ्मय आहे. खानखोजे मेक्सिकोत तीस वर्षांच्या आसपास राहिले. म्हणीच्या हिशेबाने त्यांची अक्कल केव्हाच जायला हवी होती.

त्यांची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण तरुण वाचकांना ती ठाऊक नसण्याचा संभव आहे. १८८०च्या दशकात वर्ध्याला जन्म. देश स्वतंत्र करायचा तर शस्त्रविद्या शिकली पाहिजे, ह्या ध्यासाने हा तरुण आधी जपानला आणि तिथून अमेरिकेला गेला. कॅलिफोर्नियात सैनिकी शिक्षण घेतले, वायव्येकडील राज्यांत शेतीचे शिक्षण घेतले. त्या काळी तिकडे लाकडाच्या गिरण्यांतून आणि शेतांतून पंजाबी मजूर राबत होते, बहुतेक शीख. त्यांच्यातूनच १९१३ साली गदर चळवळ उभी राहिली. सोहनसिंग भकना तिचे अध्यक्ष, लाला हरदयाळ चिटणीस, आणि लष्करी अंगाची बाजू सांभाळणाऱ्यांत हा वर्ध्याचा मराठी माणूस. इथे नांदेडच्या वाचकाला मुद्दाम थांबवावेसे वाटते. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली ज्या गावी देह ठेवला त्या गावच्या माणसाला, शिखांच्या लंगरात पंजाबी आणि मराठी मांडीला मांडी लावून कसे बसतात, हे समजावून सांगावे लागत नाही. त्या बसण्याला तेही ‘पंगत’च म्हणतात, शब्द दोन्हीकडे एकच. हजारो मैलांवर परक्या मजुरांमध्ये मिसळताना खानखोज्यांच्या कानावर हा शब्द आला असेल तर त्यांना कोश उघडावा लागला नसेल.

पहिल्या महायुद्धात ते इराणमध्ये इंग्रजांविरुद्ध लढले, जखमी झाले, पकडले गेले, निसटले. पुढे बर्लिन, आणि १९२१ साली मॉस्को. हिंदुस्थानचे दार इंग्रजांनी बंद केलेले. अशा अवस्थेत १९२४ साली ते मेक्सिकोत उतरले. हाती काय होते? शेतीचे ज्ञान आणि एक हरलेले बंड. मेक्सिकोही नुकताच दहा वर्षांच्या क्रांतीतून बाहेर पडला होता; ‘जमीन आणि स्वातंत्र्य’ ही तिथल्या शेतकऱ्यांची घोषणा होती. राजधानीजवळ चापिंगो येथे एका जुन्या जमीनदारी वाड्यात राष्ट्रीय कृषिविद्यालय नुकतेच आले होते. तिथे खानखोजे प्राध्यापक झाले. मका आणि गहू ही त्यांची पिके. मक्याचा त्याच्या तेओसिंते नावाच्या रानटी आप्ताशी संकर करण्याचे प्रयोग त्यांनी केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी विनामूल्य शेतीशाळा काढल्या. पीक कसे वाढवायचे हे त्या शाळांत शिकवीत, आणि शिकायला येणाऱ्याजवळ जमिनीवाचून दुसरे काही असलेच पाहिजे असा आग्रह नव्हता. दिएगो रिव्हेरा हा त्या देशाचा सर्वांत मोठा चित्रकार त्यांचा स्नेही झाला. तीना मोदोत्ती ह्या इटालियन छायाचित्रकार बाईंनी त्यांच्या मक्याच्या कणसांची छायाचित्रे घेतली. १९३६ साली त्यांनी एका बेल्जियन विदुषीशी लग्न केले. मुलींची नावे ठेवली सावित्री आणि माया.

आता ते चित्र. मेक्सिको शहरात शिक्षणखात्याची जी इमारत आहे तिच्या भिंतींवर रिव्हेराने १९२३ ते १९२८ ह्या वर्षांत शंभरांवर चित्रे रंगवली. त्यांतील एकाचे नाव ‘एल पान नुएस्त्रो’, म्हणजे आपली रोजची भाकर. एक जेवणाचे मेज आहे. भोवती निरनिराळ्या वर्णांची, निरनिराळ्या वयांची माणसे बसली आहेत. मागे डोक्यावर फळांची टोपली घेतलेली बाई उभी आहे. आणि मेजाच्या प्रमुख जागी बसून जो पाव मोडून सर्वांना वाटतो आहे, तो हिंदुस्थानी चेहऱ्याचा माणूस म्हणजे खानखोजे.

ह्या चित्राची छापील नक्कल मी पुष्कळ वेळा न्याहाळली आहे, आणि दर वेळी एकच गोष्ट मनात येते. रिव्हेराने ह्या परक्या माणसाला पाहुणा म्हणून बसवलेला नाही. त्याच्या ताटात कोणी काही वाढत नाही, त्याला आग्रह करीत नाही, त्याच्या गळ्यात हार घालीत नाही. वाटणारा तोच आहे. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत नवखा माणूस आधी मानाच्या पाटावर बसतो. उदबत्ती, रांगोळी, आग्रह, सगळे होते, आणि तरी तो परकाच असतो. मग घरातली एखादी आजी म्हणते, अरे बाबा, कमरेला पंचा बांध आणि ते वरणाचे भांडे घे. त्या क्षणी तो घरचा होतो. ज्याला खाऊ घातले तो पाहुणा आणि ज्याच्या हाती वाढायला दिले तो आपला. मेक्सिकोच्या मोठेपणाविषयी शंभर प्रवासी शंभर गोष्टी सांगतील, परंतु त्या देशाने खानखोज्यांना दिलेली खरी ऊब कोणती, हे रिव्हेराने एका भिंतीवर जेवढे नेमके सांगितले आहे तेवढे मी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही. त्या लोकांनी त्यांचे हात कामाला लावले.

आणि आपण? आपल्या लेखनाकडे वळले की जीव थोडा हिरमुसतो. वीणा गवाणकर यांनी खानखोज्यांचे मराठी चरित्र लिहिले आहे, आणि कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत वडिलांची कहाणी सांगितली आहे. दोन्ही पुस्तकांचे ऋण मान्य करूनच पुढचे लिहितो. पुस्तकांची नावेच पाहा. मराठी चरित्राच्या नावात ‘नाही चिरा’ हे शब्द आहेत. म्हणजे ज्याच्या समाधीवर दगडही नाही असा उपेक्षित हुतात्मा. इंग्रजी पुस्तकाचे नाव ‘आय शॅल नेव्हर आस्क फॉर पार्डन’. म्हणजे मी कधीही क्षमा मागणार नाही असे गर्जणारा बंडखोर. एका नावात अश्रू आहेत, दुसऱ्यात मूठ आहे. मक्याचे कणीस दोन्हींत नाही. पुस्तकांच्या आत मेक्सिको आहे, विस्ताराने आहे. पण पुस्तकाचे नाव म्हणजे लेखकाने वाचकाशी केलेला करार असतो, आणि ह्या करारात पहिल्या कलमापासून बंदूकच बोलते. हा दोष त्या लेखिकांचा आहे असे मी मुळीच मानीत नाही. मराठी वाचक कोणत्या नावाने पुस्तक उचलील ह्याचा अंदाज त्यांना असणारच. दोष असलाच तर तो उचलणाऱ्या हाताचा आहे.

हे अधिकच खटकते ते एका कारणाने. गवाणकरांचेच ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक १९८१ साली आले आणि मराठी घराघरांत गेले. शाळेत बक्षीस द्यायचे असले की आम्ही शिक्षक आजही तेच पुस्तक काढतो. शेंगदाण्यातून आणि रताळ्यातून कितीतरी पदार्थ काढणारा, झिजलेली जमीन पुन्हा उभी करणारा, गरीब शेतकऱ्याच्या दारी जाऊन शिकवणारा तो कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ आपल्या मुलांना तोंडपाठ आहे. मग तेच काम, त्याच तळमळीने, शेजारच्याच देशात करणारा वर्ध्याचा माणूस त्यांना का ठाऊक नसावा? कार्व्हरचा भुईमूग आपण डोक्यावर घेतला आणि खानखोज्यांचा मका कोठीत पडून राहिला. मला ह्याचे उत्तर असे दिसते की आपण खानखोज्यांना एका कप्प्यात घातले. त्या कप्प्यावर ‘क्रांतिकारक’ अशी चिठ्ठी आहे, आणि त्या चिठ्ठीच्या माणसाकडून आपली एक अपेक्षा ठरलेली असते. त्याने फासावर जावे.

ऐकायला कठोर वाटेल, पण तपासून पाहा. खानखोज्यांचे गदरमधील सहकारी विष्णू गणेश पिंगळे हे पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याचे. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा ह्या कोवळ्या मुलाबरोबर त्यांना फाशी दिले. पिंगळ्यांच्या आयुष्याला शेवट आहे. धगधगीत, एका ओळीत सांगता येणारा. खानखोज्यांच्या आयुष्याचे काय करायचे? हा माणूस वाचला. जगला. लग्न केले, मुली वाढवल्या, वर्गात स्पॅनिश भाषेत परागसिंचन शिकवले, ऐंशीच्या घरात पोहोचून २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात अंथरुणावर वारला. जिवंत राहिलेला क्रांतिकारक आपल्या कथेला अडचणीचा होतो. आणि तो परदेशात सुखाने राहिला असेल तर अडचण दुप्पट होते. मग आपण काय करतो, तर त्या तीस वर्षांना ‘विजनवास’ म्हणतो. विजन म्हणजे जिथे माणूस नाही ते. ज्या मेजाभोवती इतकी माणसे दाटीने बसली आहेत त्या जागेला विजन म्हणणारी भाषा, आपली असली तरी, त्या जागी चुकते आहे.

मात्र म्हणून मेक्सिकोची आरती ओवाळावी असेही नाही. भाबडेपणाने लिहिलेली कृतज्ञता ही भाबडेपणाने लिहिलेल्या विरहाइतकीच कच्ची. ह्या बाबतीत आपले कान उपटायला मेक्सिकोचाच एक माणूस आहे: ओक्ताविओ पास. हा कवी १९६२ ते १९६८ दिल्लीत मेक्सिकोचा राजदूत होता, आणि आपल्या सरकारने विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या म्हणून त्याने ते पद सोडले. भारतावरच्या पुस्तकात त्याने दोन्ही देशांच्या तिखट रश्श्यांची तुलना करून मजा उडवून दिली आहे. पण त्याआधी, १९५० साली, त्याने आपल्या लोकांच्या स्वभावावर जे पुस्तक लिहिले त्यात तो म्हणतो की मेक्सिकन माणूस मुखवटा घालून वावरतो. त्याचे सौजन्य हीदेखील एक भिंत आहे. जत्रेत तो ओरडतो, नाचतो, फटाके उडवतो, ते आतला एकटेपणा क्षणभर फुटावा म्हणून. हे वाचल्यावर ‘तुमचे घर’ ह्या गोड शब्दांकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहावे लागते. आपणही ‘या, घर आपलंच आहे’ म्हणतो तेव्हा प्रत्येक वेळी ते मनापासून असते काय? वर्षातून एकदा दिवाळीला येणाऱ्या जावयाला विचारावे.

आणि ऊब सर्वांना सारखी मिळाली असेही नाही. ज्या तीना मोदोत्तींनी खानखोज्यांच्या मक्याची छायाचित्रे घेतली, त्यांना त्याच देशाने १९३० साली हद्दपार केले. उत्तरेकडील सोनोरा प्रांतात पिढ्यान् पिढ्या दुकाने चालवणाऱ्या चिनी कुटुंबांना १९३१च्या सुमारास हाकलून दिले. उलट स्पेनमधील यादवीत हरलेल्या हजारो निर्वासितांना १९३९ साली राष्ट्राध्यक्ष कार्देनास यांनी आसरा दिला, आणि त्याच्या आधी दोन वर्षे ट्रॉट्स्कीलाही. एकाच घराच्या एका दारी तोरण आणि दुसऱ्या दारी अडसर. खानखोज्यांच्या पुढे जे दार होते ते उघडे होते, हा त्यांच्या गुणांइतकाच त्या वेळेचाही भाग होता: शेती जाणणारा माणूस हवा होता आणि तो आला. परदेशातल्या प्रेमाविषयी लिहिणाऱ्याने हा व्यवहार झाकून ठेवू नये. त्याने प्रेम कमी होत नाही.

मानवेंद्रनाथ रॉय यांची इथे आठवण होणे साहजिक आहे. खानखोज्यांच्या आधी, १९१७ ते १९१९ ह्या काळात, तेही मेक्सिकोत होते. तिथे ते स्पॅनिश शिकले, तिथला साम्यवादी पक्ष त्यांनी स्थापन केला, आणि आठवणींत त्या देशाला आपल्या पुनर्जन्माची भूमी म्हटले. महाराष्ट्रात रॉयवाद्यांची एक तेजस्वी पिढी होऊन गेली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारखे पंडित त्यात होते. त्यामुळे रॉय यांचा मेक्सिको मराठी वाचकाला थोडाफार ऐकून तरी ठाऊक आहे. पण तो विचारांचा मेक्सिको आहे. जर्मनांकडून आलेल्या पैशामुळे रॉय यांना चणचण नव्हती. चांगले घर, चांगली मंडळी, रात्र-रात्र चर्चा. त्यांनी तिथे एक तत्त्वज्ञान उचलले आणि ते पुढे मॉस्कोला निघून गेले. खानखोज्यांचा मेक्सिको ढेकळांचा आहे. मला स्वतःला, कादंबरी लिहिणारा माणूस म्हणून, हाच अधिक ओढतो. तत्त्वज्ञान उचलून नेता येते. पेरलेले पीक निघेपर्यंत मात्र तिथेच राहावे लागते, आणि राहिले की शेजाऱ्याशी बांधावरून भांडावे लागते, उसने मागावे लागते, त्याच्या मयताला जावे लागते. परका मनुष्य घरचा होतो तो असा.

आपल्या मराठवाड्याला हे शिकवावे लागू नये. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीची जमीन हादरली आणि लातूर-उस्मानाबादकडे हजारो माणसे दगड-मातीच्या घरांखाली गेली, तेव्हा कुठकुठचे अनोळखी लोक धावून आले. ज्यांचे सर्वस्व गेले होते अशा बाया पत्र्याच्या खोपटातून त्यांना चहा विचारीत होत्या. त्याआधी आठ वर्षे, १९ सप्टेंबर १९८५ रोजी, मेक्सिको शहर असेच कोसळले होते आणि साध्या नागरिकांनी हातांनी मलबा उपसून शेजारी बाहेर काढले होते. दुःखात बुडालेल्या माणसालाही देणारा व्हावेसे वाटते. तसे होऊ दिले तरच तो ताठ उभा राहतो. चहा नको म्हणणारा मदतनीस त्या बाईला पुन्हा एकदा गरीब करतो.

पण साहित्यात पाहा. आमच्या कथा-कादंबऱ्यांत बाहेरून आलेला माणूस, तेलंगणातला गवंडी असो, राजस्थानचा मिठाईवाला असो, बिहारचा रंगारी असो, येतो तो बहुधा विनोदापुरता. त्याची मोडकी मराठी ऐकवली की त्याचे काम संपले. त्याच्या हाती वरणाचे भांडे देणारी कादंबरी मी तरी अजून शोधतो आहे. नरहर कुरुंदकरांच्या नांदेडात बसून टीका लिहायची म्हणजे दुसऱ्याला प्रश्न विचारण्याआधी स्वतःच्या कपाटाला विचारावे लागते. माझ्या स्वतःच्या पुस्तकांच्या कपाटातही तसे एक पान नाही.

खानखोज्यांच्या कहाणीतला जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो तो म्हणजे परतीचा. ब्रिटिश अमदानीतील बंदीचा ससेमिरा स्वातंत्र्यानंतरही लगेच सुटला नाही. पण अखेर १९५०च्या दशकात ते सहकुटुंब परतले आणि नागपुरात राहिले. आपल्या दृष्टीने इथे गोष्ट संपते: पाखरू घरट्यात आले. माझ्या दृष्टीने ती इथे नव्याने सुरू होते. कारण आता परका कोण? पत्नी बेल्जियमची. मुली मेक्सिकोत जन्मलेल्या, स्पॅनिश बोलत वाढलेल्या. स्वतः त्यांनी तरुणपणी जो विदर्भ सोडला होता तो चार दशकांहून अधिक काळ त्यांच्यावाचून पुढे गेला होता. त्या घराला परदेश होता तो नागपूर. जी ऊब मेक्सिकोने दिली ती देण्याची पाळी आता आपली होती. ह्या प्रसंगावर मराठीत कादंबरी नाही, नाटक नाही, साधी दीर्घकथाही नाही. चापिंगोच्या आवारात मात्र २०२२ साली खानखोज्यांचा पुतळा उभा राहिला आणि आपले लोकसभेचे सभापती त्याच्या अनावरणाला तिकडे गेले. चिरा बसला तो तिथे.

कोणी तरुण लेखक ही कादंबरी लिहिणार असेल तर त्याने बंदुकीपासून सुरुवात करू नये, एवढे मागणे आहे. ऑरेगॉन, इराण, बर्लिन हे सगळे मागाहून येऊ द्यावे. पहिले प्रकरण नागपुरातल्या पहिल्या दिवाळीचे असावे. शेजारच्या काकू फराळाचे ताट घेऊन दारात आल्या आहेत. चकली, कडबोळे, अनारसे. घरातली गोरी बाई ताट घेते आणि तिला काय बोलावे ते कळत नाही. काकू पदराने हात पुसत म्हणतात, ‘अहो, संकोच कसला, आमचं घर ते तुमचंच घर समजा.’ आतल्या खोलीतून कोणीतरी ते त्या बाईसाठी स्पॅनिशमध्ये सांगते. ती हसते, कारण ते वाक्य तिला चांगलेच ओळखीचे आहे, आणि ताट रिकामे परत द्यायचे नसते हेही तिला ठाऊक आहे. ती स्वयंपाकघरात जाते. तिथे आदल्या रात्री चुन्याच्या पाण्यात भिजत घातलेला मका आहे.